निर्वासित, रोजगार आणि साहित्य : चंदीगढच्या संदर्भात

फाळणीविषयक साहित्याचा अभ्यास आजवर मुख्यतः हिंसा, स्थलांतर आणि स्मृती या अंगांनी झाला आहे. निर्वासितांना काम कसे मिळाले, ते कोणी मिळवून दिले आणि त्यावरचा खर्च कोणी उचलला, हे प्रश्न अर्थशास्त्राच्या हाती सोपवले गेले. वस्तुतः रोजगार हा निर्वासितांच्या कथेचा उत्तरार्ध होय. त्यावाचून पूर्वार्धाचाही अर्थ पुरता लागत नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीतील ‘निर्वासित’ हा शब्द वसतीतून बाहेर काढल्याची घटना सांगतो. हिंदीतील ‘शरणार्थी’ त्या माणसाची याचना सांगतो. शासकीय परिभाषेतील ‘विस्थापित’ या दोन्ही छटा टाळतो. ‘शरणार्थी’ हा शब्द अनेकांना बोचला, म्हणून काही प्रदेशांत ‘पुरुषार्थी’ ही संज्ञा पुढे आली. आश्रय मागणारा ते उद्यम करणारा हे अंतर कामाने तोडले जाते. म्हणजे रोजगाराचा प्रश्न मुळात नामाभिधानाचाही प्रश्न होता.

सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा १९४५ मध्ये, सैन्यातून मुक्त होणाऱ्यांसाठी उभारली गेली. फाळणीनंतर तीच निर्वासितांसाठी खुली करण्यात आली. सप्टेंबर १९४७ मध्ये पुनर्वसनासाठी स्वतंत्र केंद्रीय मंत्रालय स्थापन झाले, तर १९४८ च्या कायद्याने धंद्यासाठी कर्ज देणारे पुनर्वसन वित्त प्रशासन अस्तित्वात आले. नीलोखेडी येथे एस. के. डे यांनी प्रशिक्षण आणि वसाहत यांची सांगड घातली. पुढे १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाईची व्यवस्था झाली. परंतु भरपाई मिळण्यासाठी मागे काही मालमत्ता राहिलेली असावी लागते. ज्याचे मागे काहीच राहिले नव्हते, त्या भूमिहीनाला दाव्याच्या कागदाचा उपयोग नव्हता. त्याच्या हातांचे मोल करणारी तरतूद एकच, ती म्हणजे काम. रोजगारावरील खर्चाचे खरे समर्थन येथे आहे.

चंदीगढ हे या प्रश्नाचे मूर्त रूप आहे. लाहोर गमावलेल्या पंजाबला राजधानी हवी होती आणि माणसांना काम. १९५१ च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम विभागात रस्ते निरीक्षक म्हणून लागलेले नेकचंद हे शकरगढ भागातून आलेले निर्वासितच होते. नोकरी सांभाळून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून गुपचूप उभारलेली शिल्पसृष्टी १९७५ मध्ये अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली आणि १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांना खुली झाली. त्या निर्मितीतील बरीच सामग्री नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांच्या अवशेषांतली होती. निर्वासितांना काम देणाऱ्या शहराने काही ग्रामस्थांना विस्थापित केले, आणि त्या दोन्ही घटनांची नोंद एका निर्वासिताच्या हातून झाली. कोणत्याही रोजगार-नोंदवहीत हा तपशील सापडणार नाही.

साहित्यातही नोकरीचे मार्ग सारखे नाहीत. यशपालांच्या ‘झूठा सच’ (१९५८, १९६०) या कादंबरीत जालंधरमध्ये पुरीचे बस्तान राजकीय आश्रयाने बसते. त्याची बहीण तारा दिल्लीत सरकारी नोकरीच्या बळावर स्वतःच्या पायांवर उभी राहते. एकाच घरातील या दोन वाटांतून आश्रय आणि अधिकार यांतील भेद स्पष्ट होतो. कृष्णा सोबती यांच्या ‘गुजरात पाकिस्तान से गुजरात हिंदुस्तान’ (२०१७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत तरुण नायिका सिरोही संस्थानातील बालशाळेच्या जागेसाठी अर्ज करते. निर्वासित ही तिची ओळख तेथे तिच्या पात्रतेच्या आधी पोचलेली असते, आणि तिला दोहोंसाठी झगडावे लागते. नोकरी मिळाली म्हणजे प्रतिष्ठा मिळाली, हे समीकरण दोन्ही कृती मान्य करत नाहीत.

महाराष्ट्रात कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित वसले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. या वसाहतीच्या उद्यमशीलतेचे मराठीत कौतुक झाले, क्वचित हेटाळणीही. परंतु तिथल्या माणसाने पहिले काम कसे मिळवले, याकडे मराठी कथात्म साहित्याने फारसे लक्ष दिलेले नाही. मराठी संवेदना अधिक तीव्रतेने वळली ती धरणग्रस्तांकडे. १९७६ च्या महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यामागे ज्यांची वेदना होती, त्या माणसांचा प्रश्नही अखेर जमीन आणि काम यांचाच होता. निर्वासित आणि प्रकल्पग्रस्त यांचे साहित्य एकत्र वाचले तर हे साम्य ठळक होते.

तात्पर्य, रोजगार-योजनेचे यश किती जणांना काम लागले, एवढ्यावर मोजणे अपुरे आहे. काम दयेने मिळाले की हक्काने, आणि ते देताना दुसरे कोण उठवले गेले, हे दोन प्रश्न साहित्य विचारते. पैशाची तरतूद करणाऱ्यांनीही ते विचारले पाहिजेत.