कापायचं ते एन्कोडच्या आधी

पोरी, स्टुडिओ आता तू सांभाळणार, तर एवढं कानात घालून ठेव. फाइल केवढी होईल, असं गिऱ्हाईक विचारतंच. 8 मेगाबिटचा बिटरेट म्हणजे सेकंदाला 1 एमबी, तासाला 3.6 जीबी. लांबी दुप्पट झाली की फाइलही दुप्पट. पण साइज आधीच ठरलेली असेल तर लांबी क्वालिटी खाते. डीव्हीडीच्या 4.7 जीबीत तासाभराचं लग्न झकास बसायचं. तीन तास कोंबले की बिटरेट साडेतीनवर यायचा आणि शालूच्या जरीचे चौकोन व्हायचे.

सगळी मिनिटं मात्र सारखी नसतात. कोडेक पूर्ण चित्र अधूनमधूनच ठेवतो, ती की-फ्रेम. मधल्या फ्रेममध्ये बदललं तेवढंच. म्हणून ट्रायपॉडवरून घेतलेली भटजींची अर्ध्या तासाची पूजा स्वस्तात जाते. अक्षता पडताना मात्र बघ. शेकडो दाणे, दर फ्रेमला नवी जागा, मागे उंचावलेले हात. तिथे हात आखडलास तर दाणे दिसतच नाहीत, नुसता राडा. अशा वेळी टू-पास लाव. पहिल्या फेरीत तो सगळं पाहून घेतो, दुसरीत गरज असेल तिथे बिट ओततो. वेळ लागतो, लागू दे. आणि अंधाऱ्या कार्यालयात आयएसओ चढवण्यापेक्षा एक लाइट जास्त ने. तो रवाळपणा कोडेकला हालचालच वाटतो, फाइल उगाच फुगते.

यूट्यूबवर टाकायचं असेल तर स्लो प्रीसेटवर रात्र घालवू नकोस, ते पुन्हा त्यांच्या पद्धतीने एन्कोड करतातच. बिटरेट भरपूर ठेव, झालं. एच.265 ने फाइल लहान होते, पण मशीन जास्त राबतं.

आता विजेचं. मशीन 200 वॉट ओढत असेल तर पाच तासांचं रेंडर म्हणजे एक युनिट. तीस घरांत 100 वॉटच्या टीव्हीवर तासभराची फिल्म लागली की तीन युनिटं. तू फाइल कितीही दाब, टीव्हीचा पडदा तेवढीच वीज घेणार. मिनिटं कापलीस तरच ती वाचते. त्यामुळे रिसेप्शनची रांग आधी काप, मग एन्कोड. फाइल तयार झाल्यावर गिऱ्हाईकाने शेवट उडवायला सांगितला, तर पुन्हा एन्कोड करू नकोस. की-फ्रेम बघून तशीच कॉपी मार, मिनिटाभरात होतं आणि क्वालिटीही जात नाही. फक्त रांगेतला मुलीचा मामा उडवू नकोस. बिल बहुतेक वेळा तोच देतो.