दाखला नवापूरचा, शाळा सुरतेची

1980च्या दशकात सुरतेजवळ हजीऱ्याला खताचे आणि वायूचे कारखाने उभे राहू लागले, तेव्हा नवापूर-नंदुरबारकडची आमची पुष्कळ भिल्ल माणसं ताप्ती लाइननं सुरतेला उतरली. माझे वडील त्यांतलेच, ठेकेदाराकडे फिटरचे हेल्पर. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, बारावी सायन्सला गुणही चांगले पडले. प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनानं जमातीचा दाखला उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "आ दाखलो अहीं नहीं चाले." वडिलांना वाटलं, शिक्का पुसट आहे. नवा शिक्का मारून आणायला ते त्याच रात्री गाडीत बसले.

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. दोन्ही राज्यांच्या यादीत भिल्ल अनुसूचित जमात आहे. 1960मध्ये पश्चिम खानदेशातली काही गावं सुरत जिल्ह्यात गेली. तिथल्या सोयऱ्यांना गुजरातच्या सवलती मिळतात. मग मला का नाही? खिडकीवर कुणी सांगितलं नाही. शाळेतल्या सरांनी रसायनशास्त्र जीव लावून शिकवलं होतं, पण दाखल्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. खुल्या जागेवर, कर्ज काढून बीएस्सी केलं.

उत्तर मिळालं ते हजीऱ्यात, प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठ केमिस्ट साहेबांकडून. 1990मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मर्री चंद्रशेखर राव खटल्यात हा प्रश्न निकाली काढला होता. तिथंही वडील खत उद्योगातलेच, नोकरीनिमित्त आंध्रातून मुंबईला आलेले, आणि मुलाला डॉक्टर व्हायचं होतं. न्यायालयानं सांगितलं, जमात त्या त्या राज्यापुरती अनुसूचित असते; राज्य सोडून गेलेल्याला नव्या राज्यात त्या सवलती मागता येत नाहीत. पोटासाठी गाव सोडलेल्या मजुराच्या लेकराला हा न्याय फार जड जातो, असं माझं आजही ठाम मत आहे. महाराष्ट्रात परत जावं, तर तिथं अधिवासाची अट आडवी येते.

केंद्राच्या संस्थांचं मात्र तसं नाही. आयआयटी, आयसर, केंद्रीय विद्यापीठं इथल्या 7.5 टक्के जागांसाठी मूळ राज्याचा दाखला चालतो. आदिवासी मंत्रालयाच्या वर्षाला 750 संशोधन फेलोशिप आहेत, त्यांनाही चालतो. म्हणून सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या आईबापांना मी मूल नववीत असतानाच गाठतो. वडिलांच्या मूळ दाखल्यावरून मुलाला सध्याच्या राज्यातही स्थलांतरिताचा दाखला देता येतो. केंद्राचं 18 नोव्हेंबर 1982चं तसं पत्रच आहे. त्याची प्रत सोबत न्या, कारण खिडकीवर तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. आणि आडनाव तपासा. आमच्याकडे जमातीच्या दाखल्यावर 'वसावे' असतं आणि सुरतेच्या शाळेत 'वसावा' लिहून घेतात. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी ते दुरुस्त झालं पाहिजे. पुढे त्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे सुरू होतात.

कागद जमला की पोर आत जातं, पण आत गेल्यावर त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस लागतं. मी ट्रेनी असताना अमोनियाच्या नमुन्यांतलं पाणी आणि तेल मीच तपासायचो. लॉगबुकात दोन रकाने होते, नमुना घेणारा आणि विश्लेषण करणारा. माझी सही पहिल्या रकान्यात, दुसऱ्यात दुसऱ्याची. साहेबांनी एका सकाळच्या बैठकीत, मी तिथं नसताना, ते पान उघडून विचारलं, "हे आकडे काढले कुणी?" त्या दिवसापासून दुसऱ्या रकान्यात माझी सही पडू लागली. पुढे नियमित केमिस्टच्या मुलाखतीत अनुभवाचा पुरावा म्हणून तीच पानं कामाला आली.

हजीऱ्यात आज आपली मराठी माणसं इंजिनिअर आहेत, लॅब सांभाळतात. वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायला रविवारी जातात, ते चांगलंच आहे. त्यांना माझी विनंती एवढीच की पोराबरोबर एकदा त्या खिडकीपर्यंतही जा. आपल्या हाताखालच्या ट्रेनीची सही कोणत्या रकान्यात पडते ते बघा. आणि एखादी मुलगी शिफारसपत्र मागायला आली, तर तिनं स्वतः केलेल्या चाचण्या नावानिशी लिहा. 'मेहनती व प्रामाणिक' एवढ्यावरून निवड समितीला तिचं काम कळत नाही.