निशाणी नांगर

पौष वद्य एकादशीला श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेस त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात. कुशावर्तावर स्नान करून यात्रेकरू वर आला की त्याला विचारणा होते, "गाव कोणतं? आडनाव काय?" एवढे सांगितले की तीर्थोपाध्ये फडक्यात बांधलेली वही सोडतात आणि आपला आजा-पणजा कधी येऊन गेला, बरोबर कोण होते, भाऊ किती, मुले किती, हे वाचून दाखवतात. नाशकास गोदाकाठीही हीच रीत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांस पाणी येते. ज्या पणज्याचे नाव वाचले जाते त्याला बहुधा स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, हे मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानी येत नाही.

"आमचे वाडवडील अडाणी," असे आपण सहज बोलून जातो. हे कितपत खरे, ते थोडे पाहू.

पूर्वी गावात लिहिण्याचे काम एका घरी असे, ते कुलकर्ण्याच्या. पाटलाने गाव सांभाळावे, कुलकर्ण्याने दप्तर. ते दप्तर मोडीत. पोथी मात्र बाळबोधीत. म्हणजे कोणी हौशीने पोथी वाचायला शिकला, तरी आपल्याच शेताचा कागद त्याला वाचता येईलच असे नाही! कुणब्याला दोन्ही लिप्या परक्या. पण कागद काय करू शकतो हे त्याला पुरते ठाऊक होते. दुष्काळात वा धामधुमीत गाव ओस पडले की सरकार रयतेला कौल देई: या, पडीत जमीन वाहा, पहिल्या वर्षी सारा थोडा, मग वर्षावर्षाला चढत जाईल. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. त्या कागदाच्या भरवशावर माणसे बायकामुलांसह परत येत आणि नांगर धरीत. वाचता न येणारा माणूस एका कागदावर सारा संसार टाकतो, याला अडाणीपण म्हणावे काय?

वतनाचा तंटा पडला की गोत बसे. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार, शेजारच्या गावची भली माणसे. साक्षी होत, निवाडा होई आणि महजर लिहिला जाई. खाली ज्याची त्याची निशाणी. कुलकर्ण्याची लेखणी-दौत, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा, कुंभाराचे चाक. आणि पाटलाचा, कुणब्याचा नांगर. जुन्या कागदांवर नावापुढे 'निशाणी नांगर' असे शब्द आढळतात, कोठे लहानसा नांगरच काढलेला असतो. आम्हाला हे चित्र फार मोलाचे वाटते. मी कोण, तर ज्याच्या हाती नांगर आहे तो. सहीने याहून जास्त काय सांगायचे?

पुढे इंग्रजी अंमल आला. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर हाताचा पंजा उमटवून घेतला, आणि कालांतराने बोटांचे ठसे सरकारी व्यवहारात रुळले. ठशाला लबाडी करता येत नाही, हे खरे. पण त्यात माणसाचा धंदा नाही, गाव नाही. नांगर गेला आणि 'अंगठेबहाद्दर' ही शिवी आली.

कागदाची दुसरी बाजूही आहे, ती म्हणजे कर्जाचे खत. लिहिणारा एक, घेणारा दुसरा, आणि ज्याच्या गळ्यात ते पडे त्याला एक अक्षर वाचता येत नसे. येथे कुणबी खरोखरच लाचार होता. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती, तेव्हा खताची ताकद त्यांनी घरातच पाहिलेली. 1630 च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्याच नदीत पुढे अभंगाच्या वह्या बुडाल्या. वह्या तेराव्या दिवशी वर आल्या, असे आपण कीर्तनात ऐकतो. खते वर आल्याचे मात्र कोणी सांगितलेले नाही!

दुसऱ्याच्या हातून लिहून घेण्यात कमीपणा नव्हता. माउलींनी नेवाश्यास ज्ञानेश्वरी सांगितली ती शके 1212, म्हणजे 1290 साली; लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले. पण खेड्यात अभंग पोचला तो कानाने. मग कागद नसता कोणाचा अभंग हे कसे कळावे? त्यासाठी शेवटच्या चरणात नाव गुंफलेले असते: नामा, चोखा, जनी, तुका. महजरावर कुणब्याचा जसा नांगर, तशी अभंगात ही मुद्रा. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही ती ऐकताच ओळखता येते.

वह्यांकडे परत येतो. त्यांतील जुनी पाने बरीचशी मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवीत, नंतर ती बंद झाली. आज ती सफाईने वाचणारे थोडेच उरले आहेत. तेव्हा यंदा त्र्यंबकास वा नाशकास गेलात तर उपाध्यांना जुने पान सावकाश वाचायला सांगावे, घाई करू नये, आणि घराण्याची नावे तेथेच बसून बाळबोधीत उतरून घ्यावीत. नातवंड बरोबर असेल तर त्याच्याच हातून लिहवावीत. पेन्सिल व वही पिशवीत असू द्यावी.