सवलतीचे तिकीट आणि सोबतचा मित्र

नागपूर शहराच्या दक्षिण सीमेला लागून असलेले बेसा हे एके काळी ग्रामपंचायतीचे लहानसे गाव होते. आज तेथे बेसा-पिपळा नगरपंचायत असून घरांच्या रांगा थेट मनीषनगरपर्यंत पोचल्या आहेत. वस्ती वाढली तरी महाविद्यालय, कचेरी, मोठे रुग्णालय आणि सीताबर्डीची बाजारपेठ यांसाठी येथील रहिवाशांना शहरातच जावे लागते. कोणी महानगरपालिकेच्या 'आपली बस'ने जातो, कोणी वर्धा मार्गावर येऊन मेट्रो पकडतो, आणि ज्याला वर्धा, उमरेड किंवा काटोल गाठावयाचे असेल तो पुढे एस.टी.त किंवा रेल्वेत बसतो. एका दिवसाच्या प्रवासात अशा रीतीने तीन संस्थांची तिकिटे हाती येतात आणि तिन्ही संस्थांच्या सवलतींचे नियम परस्परांहून निराळे असतात.

प्रवास दोघांचा असला म्हणजे एक प्रश्न हमखास उद्‌भवतो. एकाजवळ पास असतो, दुसऱ्याजवळ नसतो. एकीला निम्मे भाडे पडते, दुसऱ्याला पूर्ण. मग सवलत वाटून घेण्याचा विचार मनात येतो. त्यामागे लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा डबा वाटून खाण्याइतक्याच सहजतेने पास पुढे केला जातो. परंतु सवलत ही डब्यातील पोळीसारखी नसते. ती कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या पैशातून मिळाली आहे, यावर ती वाटता येईल की नाही हे ठरते.

जुन्या परतीच्या तिकिटाची गोष्ट

हा प्रश्न आजचा नाही. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्या काळातील तिकिटे म्हणजे जाड पुठ्ठ्याचे छोटे आयताकृती तुकडे असत. टॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने ही पद्धत १८३० नंतरच्या दशकात बसविली. तिकिटावर अनुक्रमांक छापलेला असे, प्रवाशाचे नाव नसे. जो तिकीट दाखवील तो प्रवासी, असा हा सरळ हिशेब होता.

या हिशेबाला अडचण आणली ती परतीच्या तिकिटाने. जाण्या-येण्याचे तिकीट एकदम घेतल्यास ते दोन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडे. समजा, एक गृहस्थ नागपूरहून वर्ध्याला जाऊन तेथेच राहणार आहे आणि त्याचा मित्र त्याच दिवशी वर्ध्याहून नागपूरला येणार आहे. पहिल्याने परतीचे तिकीट घेऊन उरलेला अर्धा तुकडा वर्ध्यास मित्राच्या हाती ठेवला, तर दोघांनाही स्वस्तात प्रवास घडे. रेल्वेने सवलत दिली होती ती मात्र एकाच माणसाने परत यावे म्हणून. ही युक्ती इतकी रूढ असावी की, १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमात परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग दुसऱ्यास देण्याविरुद्ध ११४ क्रमांकाचे स्वतंत्र कलम घालावे लागले. पुढे १९८९ च्या अधिनियमाने तोच नियम १४२ व्या कलमात आणला व त्यात आरक्षित तिकीट आणि मुदतीचा पास यांचाही समावेश केला. देणारा आणि घेणारा असे दोघेही त्यात दोषी ठरतात.

एस.टी.तील निम्मे भाडे

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षे वाहकाजवळ रंगीत तिकिटांच्या गठ्ठ्यांची पेटी आणि टिकटिक वाजणारा पंच असे. आता त्या जागी यंत्र आले आहे. हे यंत्र भाड्याबरोबरच प्रवाशाचा प्रकारही तिकिटावर छापते. पुरुष, महिला, विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांची नोंद निरनिराळी होते व या नोंदीला मोठे महत्त्व आहे.

१७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली सर्व महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आकारले जाते. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मेच भाडे आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत विनामूल्य प्रवास मिळतो. उरलेले भाडे महामंडळ सोडून देते असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. ती रक्कम प्रतिपूर्ती म्हणून राज्य शासन महामंडळाला देते, आणि ती किती द्यावयाची हे दिलेल्या तिकिटांवरून ठरते. पंचाहत्तरीपुढील आजोबांच्या हाती शून्य रुपयांचे तिकीट दिले जाते ते याचसाठी. "पैसेच नाहीत तर तिकीट कशाला?" म्हणून ते नाकारणे म्हणजे महामंडळाचे येणे बुडविणे होय.

आता उदाहरण पाहू. एका प्रवासाचे पूर्ण भाडे १०० रुपये आहे असे धरले, तर पती-पत्नीला मिळून १५० रुपये पडतात आणि शासन ५० रुपये भरते. गर्दीच्या गाडीत पत्नीने "दोन महिला" असे सांगून दोन अर्धी तिकिटे घेतली आणि मागच्या बाकावर बसलेल्या पतीकडे त्यांपैकी एक पोचविले, तर त्यांना १०० रुपयेच पडतात. महामंडळाच्या खात्यावर मात्र २०० रुपयेच जमा दिसतात, कारण उरलेले १०० रुपये शासनाकडून यावयाचे असतात. म्हणजे वाचलेले ५० रुपये ना वाहकाच्या खिशातून गेले, ना महामंडळाच्या. ते सार्वजनिक तिजोरीतून गेले. हिशेब तंतोतंत जुळत असल्यामुळे कागदावर ही गोष्ट कधीच उघडकीस येत नाही. ती उघडकीस येते ती रस्त्यात तपासणी पथक गाडीत चढते तेव्हाच.

तसे झाले म्हणजे महिलेचे तिकीट बाळगणारा पुरुष विनातिकीट ठरतो आणि त्याला चुकविलेल्या भाड्यासह दंड भरावा लागतो. तेवढ्यावर गोष्ट मिटली असती तर ती त्या दोघांपुरती राहिली असती. परंतु गाडीत विनातिकीट प्रवासी सापडला की पहिला जाब वाहकाला विचारला जातो. साठ-सत्तर माणसांच्या गर्दीतून वाट काढीत तिकिटे देणाऱ्या वाहकाने मागच्या बाकापर्यंत कोणते तिकीट कोणाकडे गेले हे पाहावे, अशी अपेक्षा असते. पन्नास रुपयांच्या बचतीत त्याची नोकरी पणाला लागते, हे प्रवाशाच्या ध्यानातही नसते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या सवलती राज्याच्या सीमेपर्यंतच लागू असतात. नागपूरहून मध्य प्रदेशात जाणाऱ्या एस.टी.त सीमेपलीकडच्या अंतराचे पूर्ण भाडे द्यावे लागते. शहर बससेवा महानगरपालिकेची असल्याने एस.टी.ची सवलत तेथे आपोआप लागू होत नाही; तेथील वाहकाशी त्यावरून वाद घालणे व्यर्थ आहे.

विद्यार्थ्यांचा पास

विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा एकतृतीयांश भागच भरावा लागतो. बारावीपर्यंतच्या मुलींना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेखाली शाळेत जाण्या-येण्यासाठी विनामूल्य पास मिळतो. हे पास शाळा-महाविद्यालयांतच वितरित करण्याची व्यवस्था महामंडळाने केली, त्यामुळे आगारातील रांगेत अर्धा दिवस मोडण्याची पाळी टळली.

हा पास छायाचित्रासह, नावासह आणि ठरावीक मार्गासाठी असतो. मैत्रिणीचा पास घेऊन कोणी प्रवास केला आणि तो तपासणीत पकडला गेला, तर पास जप्त होऊ शकतो. याचा खरा फटका पास देणाऱ्या मुलीला बसतो. घरापासून शाळा दहा-पंधरा किलोमीटरवर असेल आणि वडिलांचे उत्पन्न हातावरचे असेल, तर पास गेल्यावर रोजचे भाडे कोठून आणावयाचे हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी घरात पहिली तडजोड मुलीच्या शिक्षणाचीच होते, हे ग्रामीण भागातील शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. मैत्रिणीला एक दिवस मदत करावयाची असेल तर तिच्या तिकिटाचे पैसे भरावेत. पास देऊ नये.

महामंडळाच्या 'आवडेल तेथे प्रवास' योजनेलाही हाच नियम आहे. १९८८ पासून चालत आलेल्या या योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास घेऊन राज्यभर कोठेही हिंडता येते. दोघा मित्रांनी एक पास घेऊन तीन दिवस एकाने आणि चार दिवस दुसऱ्याने फिरावे, हा बेत मात्र साधत नाही.

रेल्वे आणि मेट्रो

रेल्वेच्या आरक्षित तिकिटाबाबत कायदा जितका कडक आहे तितकाच तो काही ठिकाणी सैलही आहे, आणि ही सैल बाजू फारशी कोणाला माहीत नसते. प्रवास रद्द झाल्यास निश्चित झालेले तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावे करून घेता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज करावा लागतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या विद्यार्थ्यांची सहल असेल तर संस्थाप्रमुखाच्या पत्रावर, अठ्ठेचाळीस तास आधी, एका विद्यार्थ्याच्या जागी दुसरा नेता येतो. मात्र गटाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नावे बदलता येत नाहीत. एकाच गाडीतील प्रवाशांनी आपसांत जागा बदलण्यास तर काहीच आडकाठी नाही. नात्यांच्या यादीत मित्राला मात्र स्थान नाही. रेल्वेच्या लेखी जिवलग मित्रही परकाच.

नागपूर मेट्रोची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचा पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी असा प्रवाशांसाठी खुला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो पूर्ण झाला. बेसा भागातील प्रवाशांना उज्ज्वलनगर आणि जयप्रकाशनगर ही स्थानके सोयीची पडतात. महाकार्डाने भाडे दिल्यास १० टक्के सूट मिळते. ही सूट माणसाच्या वयाला किंवा शिक्षणाला दिलेली नाही. सुट्या पैशांचा आणि खिडकीवरील रांगेचा त्रास वाचतो म्हणून ती दिली आहे. तरीही एका कार्डावर एकाच वेळी दोघांना आत जाता येत नाही, कारण आत गेलेले कार्ड बाहेर पडल्याची नोंद झाल्यावाचून फाटक ते पुन्हा स्वीकारीत नाही. सोबतच्या मित्रासाठी खिडकीवर वेगळे तिकीट घ्यावे, पैसे कोणी द्यावयाचे ते दोघांनी ठरवावे. विद्यार्थ्यांच्या कार्डावरील जादा सवलत मात्र विद्यार्थ्यापुरतीच असते.

दुसऱ्याला देता येणारा पास

सवलत वाटून घेणे हे मुळातच गैर आहे असे मात्र नाही. किंमत ठरवितानाच तो विचार केला असेल, तर पास दुसऱ्याला देता येईल असाही काढता येतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराने १९८४ मध्ये अशा प्रकारचा मासिक पास काढला. त्यावर नाव नव्हते. घरातील किंवा शेजारचा कोणीही, एका वेळी एक जण, तो वापरू शके. मोटारीने जाणारी माणसे बस आणि ट्रामकडे वळावीत हा त्यामागील हेतू होता, आणि १९९१ मध्ये हीच कल्पना आसपासच्या जिल्ह्यांपर्यंत नेण्यात आली. त्याच देशाच्या रेल्वेने १९९५ मध्ये पाच जणांना मिळून १५ मार्कांत शनिवार-रविवारचे तिकीट दिले, तेव्हा अनोळखी माणसे फलाटावर एकमेकांना शोधून पाचांचा गट पुरा करू लागली. पुढे त्या तिकिटाचे दर वाढत गेले, नियमही कडक झाले आणि २०१९ मध्ये ते बंद करण्यात आले.

बेसा-पिपळ्यासारख्या वाढत्या वस्तीला यांपैकी पहिली पद्धत अधिक उपयोगी पडेल. येथील कित्येक घरांत एक जण सकाळी कचेरीस जातो आणि दुसरा दुपारनंतर शिकवणीला किंवा बाजाराला निघतो. दोघांचे मिळून एकच, बस आणि मेट्रो या दोहोंत चालणारे कार्ड असेल व त्याचा दर व्यक्तिगत पासापेक्षा थोडा अधिक ठेवला जाईल, तर दारातील दुचाकी निदान निम्मे दिवस घरीच राहील. ४ मार्च २०१९ रोजी देशात राष्ट्रीय सामायिक कार्डाची योजना जाहीर झाल्यापासून एकच कार्ड निरनिराळ्या वाहनांत चालविण्याची तांत्रिक सोय उपलब्ध आहे. उरतो तो भाड्याची वाटणी महानगरपालिका आणि मेट्रो यांनी आपसांत कशी करावी हा प्रश्न; आणि तो सुटेपर्यंत बेशाहून निघणाऱ्या दोघा मित्रांना मनीषनगरपर्यंत एक तिकीट आणि तेथून पुढे दुसरे तिकीट, अशीच वाटचाल करावी लागेल.