ऑनर्स कशावर ठरते?

चि. अमेय यास,


राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या महाराष्ट्रातील चारही कृषी विद्यापीठांत ‘ऑनर्स’ पदवीच्या नावातच असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या पाचव्या अधिष्ठाता समितीने चार वर्षांच्या कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र या पदव्यांसाठी हे नाव सुचवले आणि २०१७ च्या सुमारास साध्या बी.एस्सी. कृषीच्या जागी बी.एस्सी. ऑनर्स कृषी आली. त्यामुळे इथे ऑनर्ससाठी वेगळा अर्ज नाही, निवड नाही, गुणवत्ता यादी नाही. नेमलेले सगळे श्रेयांक पूर्ण केले आणि प्रत्येक विषय सुटला की वर्गातल्या शेवटच्या विद्यार्थ्यालाही तीच पदवी मिळते. सहाव्या समितीच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. ऑनर्स मात्र चौथे वर्ष पार केल्यावरच.

मग विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांत फरक करतो तो ओजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांचा मिळून सरासरी गुणांक. विषयाच्या नावापुढे ३ (२+१) असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ तीन श्रेयांक: दोन व्याख्यानांचे, एक प्रात्यक्षिकाचा. शंभरपैकी पडलेल्या गुणांना दहाने भागले की गुणांक येतो, ७२.५ गुणांचे ७.२५. पन्नासच्या खाली विषय नापास. गुणांकाला श्रेयांकांनी गुणायचे, सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. तीन श्रेयांकांच्या विषयात ८२ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ६४ पडले, तर २४.६ अधिक १२.८ म्हणजे ३७.४, भागिले ५, उत्तर ७.४८. साधी सरासरी ७.३ आली असती. फरक किरकोळ वाटतो, पण चार वर्षांत तो साचत जातो आणि शेवटी वर्ग ठरतो तो दशांशांवरच.

पाचव्या समितीच्या कोष्टकानुसार ५ ते ५.९९९ पर्यंत नुसते उत्तीर्ण, ६ पासून द्वितीय वर्ग, ७ पासून प्रथम वर्ग, ८ आणि त्यावर विशेष प्रावीण्यासह प्रथम वर्ग. ७.९९८ ला विशेष प्रावीण्य नाही. सुवर्णपदकांचे नियम आणखी कडक असतात आणि विषय एकदा राहिला की त्या शर्यतीतून नाव बहुधा गळते. पहिल्या सत्रात नापास झालेला विषय नंतर सुटतो आणि पदवीही मिळते, त्यामुळे त्याची किंमत पुष्कळांना अखेरच्या वर्षी कळते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ‘रावे’कडे, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाकडे. २०१७ च्या अभ्यासक्रमात सातव्या सत्राचे २० श्रेयांक यालाच होते, आणि आठव्या सत्रातल्या अनुभवाधारित शिक्षणाच्या घटकांना आणखी २०. कृषीदूत किंवा कृषीकन्या म्हणून गावात राहायचे, शेतकऱ्याच्या बांधावर बीजप्रक्रियेचे किंवा माती नमुना घेण्याचे प्रात्यक्षिक दाखवायचे, त्याची रोजनिशी ठेवायची. ग्रामपंचायतीपुढे फलक धरून एक फोटो, वर्तमानपत्रात एक बातमी आणि मग महिनाभर घरी, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. हिशेब पाहिला तर तो शुद्ध वेडेपणा आहे. दोन श्रेयांकांच्या एखाद्या विषयासाठी रात्री जागवायच्या आणि वीस श्रेयांकांची रोजनिशी शेवटच्या आठवड्यात मित्राच्या वहीतून उतरवायची! रावेत एक पूर्ण गुणांक कमी पडला, तर तो दोन श्रेयांकांच्या दहा विषयांत तेवढाच गमावल्यासारखा असतो.

पारंपरिक विद्यापीठातले ऑनर्स निराळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक आणि चौथ्या वर्षाच्या ऑनर्सला १६०. ‘संशोधनासह ऑनर्स’ हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. वनस्पतीशास्त्र शिकणाऱ्या भावंडाने सांगितलेली ही अट कृषीच्या विद्यार्थ्याला लागू नाही.

परदेशात तर गावागणिक रीत बदलते. ब्रिटनमध्ये, मग ते बँगरचे वनशास्त्र असो की हार्पर ॲडम्सची कृषी पदवी, ऑनर्सचे वर्ग पडतात: ७० पासून प्रथम, ६० पासून उच्च द्वितीय, ५० पासून कनिष्ठ द्वितीय, ४० पासून तृतीय. पहिल्या वर्षाचे गुण सहसा धरत नाहीत आणि शेवटच्या वर्षाचे वजन जास्त असते. आपल्याकडे पहिल्याच सत्रापासून सगळे मोजले जाते, हे ‘पुढे सावरू’ म्हणणाऱ्याने ध्यानात ठेवावे. ऑस्ट्रेलियात ऑनर्स म्हणजे बहुतेक वेळा प्रबंध लिहिण्याचे जादा वर्ष किंवा चार वर्षांच्या पदवीतले संशोधन. मेलबर्न विद्यापीठात त्याचा पहिला वर्ग ८० ला लागतो. अमेरिकेत पदवीवर लॅटिन बिरुद येते, कुठे ठरावीक सरासरी गाठल्यावर तर कुठे वर्गातल्या वरच्या काही टक्क्यांना.

म्हणून तिकडे एम.एस.चा अर्ज भरताना केवळ ‘ऑनर्स’ लिहून भागत नाही. तिथला वाचणारा त्याचा अर्थ आपल्या रीतीने लावतो. पदवीचे नाव प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहावे, शेजारी ओजीपीए १० पैकी म्हणून द्यावा, आणि वर्गाचे कोष्टक छापलेले विद्यापीठाचे अधिकृत गुणपत्रक जोडावे. ते गुणपत्रक कुलसचिव कार्यालयातून मिळायला वेळ लागतो. त्यासाठीचा अर्ज आठव्या सत्रातच टाकावा.

तुझा,
मामा