वाफेचं छोटं इंजिन : बनवा, मोजा, सुधारा

दौंड म्हटलं की जंक्शन आठवतं. दौंड-मनमाड लाइन १८७८ साली सुरू झाली. १९२९ साली विजेवरची गाडी मुंबईहून पुण्यापर्यंत पोचली, पण पुण्याच्या पुढे दौंडकडे वाफेचंच राज्य चालू राहिलं. आता ती इंजिनं गेली आणि आपल्याला वाफ भेटते ती फक्त स्टीम टेबलमध्ये. ते टेबल खरंच समजून घ्यायचं असेल तर एक छोटं इंजिन घरी बनवून बघावं. शिरूरला रेल्वे नाही, पण लेथवाले आहेत, आणि तेवढं पुरतं.

कोणतं इंजिन?

सुरुवातीला ऑसिलेटिंग सिलिंडरचं घ्या. त्याला वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. सिलिंडर स्वतःच एका पिनवर झुलतो. त्याच्या सपाट बाजूला एक भोक असतं आणि समोरच्या ठोकळ्यावर दोन. एका बाजूला झुकला की वाफ आत येते, दुसऱ्या बाजूला झुकला की बाहेर जाते. सिलिंडर पितळेचा, बोअर १२ मिमी, स्ट्रोक २० मिमी. फ्लायव्हील जड हवं, कारण अर्ध्याच फेरीत जोर मिळतो, उरलेली अर्धी फेरी फ्लायव्हीलने ओढायची असते.

आधी हिशोब

पिस्टनचं क्षेत्रफळ १.१३ चौ. सेमी, म्हणजे एका फेरीला २.२६ घन सेमी वाफ. १ बार गेज दाबाला १ किलो वाफ सुमारे ०.८८ घनमीटर जागा घेते. म्हणून ३०० आरपीएमला मिनिटाला पाणी लागायला हवं फक्त ०.७७ ग्रॅम. ताकद जास्तीत जास्त १.१ वॅट!

आता इंजिन दहा मिनिटं चालवा आणि बॉयलरचं वजन आधी आणि नंतर करा. हिशोबाने ८ ग्रॅम कमी व्हायला हवं. समजा ३० ग्रॅम कमी झालं, तर २२ ग्रॅम वाफ फुकट गेली. ती शोधणं म्हणजेच सुधारणा.

वाफ जाते कुठे?

पहिली जागा म्हणजे सिलिंडर आणि ठोकळ्याची सपाट बाजू. जाड काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून दोन्ही बाजू घासा. सायकलच्या पंपाने हवा भरून साबणाचं पाणी लावा, फेस आला की गळती कळते. स्प्रिंग सैल असेल तर वाफ गळते, घट्ट असेल तर घर्षण वाढतं.

दुसरी जागा दिसत नाही. इंजिन दहापट लहान केलं की आकारमान हजारपट कमी होतं, पण पृष्ठभाग शंभरपटच. म्हणजे तेवढ्याच वाफेला थंड करायला दहापट जास्त भिंत. आत आलेली वाफ काम करण्याआधीच पाणी होते. म्हणून पाइप आखूड ठेवा, पाइप आणि सिलिंडरवर सुती दोरी गुंडाळा.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा वजन करा. वेग तोच ठेवा. मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओत फेऱ्या मोजता येतात.

बॉयलरशी खेळ नको

२५ लिटरपेक्षा लहान पात्र आपल्या बॉयलर कायद्यात येत नाही. म्हणजे तपासायला इन्स्पेक्टर येणार नाही, जबाबदारी पूर्ण आपली. तांब्याची नळी घ्या, जोड चांदीच्या डाकाने करा, कथलाने नाही. १ बारला वाफ १२० अंशांवर असते, आणि पाणी संपलं तर कथील वितळायला वेळ लागत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. आग लावण्याआधी बॉयलर थंड पाण्याने गच्च भरून दुप्पट दाबाला तपासा. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे जोड फुटला तरी नुसतं पाणी गळेल. हवेने तपासलं तर स्फोट होईल. आणि हे सगळं वर्कशॉपमध्ये, सरांसमोर. हॉस्टेलच्या रूमवर अजिबात नाही.

शेवटी एकच सांगणं. जोरात फिरणारं इंजिन सगळ्यांना आवडतं, पण त्याच वेगाला जे कमी पाणी पितं ते इंजिन चांगलं. ते डोळ्यांनी नाही, वजनकाट्यावरच कळतं.