घरगुती साबण : कृती आणि दक्षता

खेड्यापाड्यांतून भांडी राखेने घासण्याची रीत जुनी आहे. राखेत अल्कली असते, आणि ती भांड्याच्या तेलकटपणावर काम करते. साबणाचे मूळ ह्याच क्रियेत आहे. तेल आणि तीव्र अल्कली ह्यांचा संयोग झाला म्हणजे दोहोंचे मूळ रूप नाहीसे होऊन साबण व ग्लिसरीन हे दोन नवे पदार्थ तयार होतात. ह्या क्रियेस साबणीकरण म्हणतात. तेले व चरबी ह्यांच्या घटनेचा उलगडा शेव्ह्रल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला.

घट्ट साबणासाठी लागणारी अल्कली म्हणजे कास्टिक सोडा. तो दिसावयास मिठासारखा पांढरा व निरुपद्रवी. परंतु कातडी जाळतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून नवशिक्याने प्रथम दक्षता शिकावी, मग कृती.

साहित्य : खोबरेल तेल ५०० ग्रॅम, कास्टिक सोडा ८५ ग्रॅम, पाणी २०० ग्रॅम. तिन्ही पदार्थ तराजूवर तोलून घ्यावेत. वाटीचे माप येथे चालत नाही. ५०० ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे ९१ ग्रॅम सोडा लागतो. तो थोडा कमी घेतल्याने काही तेल शिल्लक राहते व मोकळा सोडा उरत नाही. शेंगदाण्याच्या तेलास मात्र सुमारे ६८ ग्रॅमच पुरतात. तेल बदलून सोड्याचे वजन तेच ठेवल्यास उरलेला सोडा वडीत राहून हात भाजतो. म्हणून तेल बदलल्यास हिशेबही नव्याने करावा.

भांडी : स्टेनलेस स्टीलची अथवा उष्णता सोसणाऱ्या जाड प्लॅस्टिकची असावीत. ॲल्युमिनियमचे भांडे सोडा खाऊन टाकतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली व कल्हईचे भांडे हीही वर्ज्य होत. ही भांडी पुन्हा स्वयंपाकास वापरू नयेत.

कृती : रबरी हातमोजे, डोळे सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मोकळ्या हवेत काम करावे. थंड पाण्यात सोडा थोडा थोडा घालून ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास द्रावण एकदम उसळून अंगावर उडते. योग्य क्रमानेही पाणी पुष्कळ तापते व तीव्र वाफ येते, ती हुंगू नये. द्रावण सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत निवाल्यावर तितक्याच कोमट तेलात बारीक धारेने सोडावे व सतत ढवळावे. मिश्रण बासुंदीइतके दाट झाले आणि वरून पडलेल्या थेंबाची खूण पृष्ठभागावर टिकू लागली, म्हणजे ते साच्यात ओतावे. वडी घट्ट झाली, पण फार कडक झाली नाही, अशा वेळी मोजे घालूनच कापावी. नंतर हवेशीर जागी निदान चार आठवडे सुकू द्यावी. वडीत ओलसर पोकळी अथवा पांढरे खडे आढळल्यास ती वापरू नये. लिटमसने चांगल्या-वाईट साबणाची पारख होत नाही, कारण चांगला साबणही अल्कलीधर्मीच असतो.

अपघात झाल्यास : अंगावर पडलेला कोरडा सोडा आधी झटकावा, भिजलेले कपडे काढावेत व ती जागा वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावी. लिंबू अथवा व्हिनेगर लावू नये. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाण्याने धुवावे व विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. तोंड धुवून रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ह्यासाठी काम सुरू करण्यापूर्वीच पाण्याची भरलेली बादली जवळ असावी.

शाळेत हा पाठ घेताना सोडा व ताजे मिश्रण केवळ शिक्षकाने हाताळावे आणि मुलांना दूर बसवावे. तेल तोलणे, साचा तयार करणे, वड्यांचे वजन दर आठवड्यास नोंदणे ही कामे मुलांची. पाणी उडून गेल्याने वजन कसे घटते, हे त्या नोंदीवरून त्यांना स्वतःस उमगेल. उरलेला सोडा घट्ट झाकणाच्या, ठळक नाव लिहिलेल्या डब्यात कुलुपाखाली ठेवावा. पाण्याच्या बाटलीत वा मिठाच्या बरणीत तो कदापि ठेवू नये. तहानलेले मूल बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही.

अभ्यास : १. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यात का नको? २. एक किलो खोबरेल तेलास ह्याच प्रमाणाने सोडा व पाणी किती लागेल? ३. ॲल्युमिनियमचे भांडे का वर्ज्य आहे?